चौदाव्या दिवशीचा मामा

माणूस गेलं की तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. त्यातून गेलेला फौजी असला तर विचारूच नका. तिरंगा येतो, फुलांनी मढवलेली गाडी येते, पुढारी येतात, शाळेची पोरं उन्हात रांगेनं उभी राहतात. चौकात फलक लागतो आणि त्यावर गेलेल्याच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे असतात. तेराव्याच्या पंगती उठल्या की मंडपवाला बांबू काढतो, खुर्च्या टेम्पोत चढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या बाईला पहिल्यांदा कळतं की आता कुणी येणार नाही.

त्या सकाळी बिराप्पा येतो.

हातात कापडी पिशवी, पिशवीत किलोभर साखर आणि पावशेर चहा. कारण तेरा दिवसांत आल्यागेल्याला चहा पाजून घरातली साखर संपलेली असते, हे त्याला अनुभवानं ठाऊक. तो दारात उभा राहून म्हणतो, "म्या हवालदार बिराप्पा. सांगलीच्या माजी सैनिक संघटनेतनं आलोय. बसू का जरा?" आणि बसतो. बोलत नाही फारसं. कागदपत्रं भरायची असतील तर भरून देतो, कचेरीत कुणाला भेटायचं ते सांगतो, चुलीला फाटी नसतील तर फोडून देतो. पुढं महिन्याला एक खेप. कामापुरता मामा अशी आपल्यात म्हण आहे, पण हा मामा काम संपल्यावरही येत राहायचा. काही घरांना ते आवडायचं, काहींना अवघड व्हायचं. बिराप्पाला फरक कळायचा, पण तो कळत नसल्यासारखं करायचा.

त्याचं कारण सांगायला लाज कसली? त्याला दुसरं जायला ठिकाण नव्हतं.

वय सदुसष्ट. पायदळात चोवीस वर्षं, मग विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या फाटकावर सतरा वर्षं पहारा. पोरं गाड्या उडवत आत जायची, हा सलाम ठोकायचा. एवढंच काय ते दोघांतलं बोलणं. बायको लगमव्वा जाऊन तीस वर्षं होत आली. मूलबाळ नाही. जतकडच्या गावात भाऊ आहे, मेंढरं विकून आता डाळिंबं करतो. त्याच्याकडं गेलं की जेवायला मिळतं, पण ताट उचलेपर्यंत सगळे घड्याळाकडं बघत असतात. म्हणून बिराप्पा विश्रामबागेतच एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहतो. एक कॉट, एक स्टोव्ह, एक इस्त्री. घरमालकीण शकुंतलाबाई वाईच्या, स्वभावानं बऱ्या, पण त्यांचे मुलगा-सून परगावी, आणि दोन एकट्या माणसांचं मिळून एक घर होत नाही.

संघटनेत बिराप्पाचं एक खास काम होतं. ट्रंका.

जवान ड्यूटीवर असताना वारला की त्याचं सामान पलटणीतले लोक गोळा करतात, यादी करतात, त्याच्याच काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत भरतात आणि महिना-दोन महिन्यांनी एखाद्या जवानाबरोबर घरी धाडून देतात. मिरजेच्या स्टेशनवर ट्रंक उतरली की संघटनेला फोन यायचा आणि संघटना बिराप्पाला फोन करायची. घरच्यांनी त्याच्या नावानं चिठ्ठी दिलेली असायची. तो सही करून ट्रंक ताब्यात घ्यायचा, रिक्षात घालून आपल्या खोलीवर आणायचा आणि मग दोन दिवसांनी घरी पोचवायचा.

दोन दिवस कशाला, असं कुणी विचारलं नाही कधी.

त्याचं असं झालं होतं. त्यानं पोचवलेली पहिलीच ट्रंक कुंडलकडच्या एका घरची. तशीच्या तशी नेऊन अंगणात ठेवली, आईनं झाकण उघडलं, आणि अगदी वरच होती बनियन. तिच्यावर रक्त वाळून तपकिरी झालेलं. खाली दाढीचं ब्लेड, त्यात केस अडकलेले. त्या माउलीनं जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारच्या रानातली माणसं धावत आली. बिराप्पानं त्या दिवशी बसस्टॉपवर बसून स्वतःला शब्द दिला: आपल्या हातून पुन्हा कुठल्याही घरात मळका कपडा जाणार नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ. ट्रंक आली की तो पहिल्यांदा यादी लावून बघायचा. मग बादल्या भरायचा. सगळे कपडे भिजवायचे, पावडर घालून घोळायचे, पांढऱ्याला नीळ द्यायची, वर्दीला खळ घालायची. गच्चीवर दोरीला वाळत टाकायचे. दुसऱ्या दिवशी इस्त्री करून, पुठ्ठा आत घालून, एकावर एक अशा घड्या घालायच्या की कर्नलसाहेब तपासणीला आले तरी बोट ठेवायला जागा मिळू नये. बूट पॉलिश करायचे. ब्लेड टाकून द्यायचं, कंगवा गरम पाण्यात धुवायचा. पोरगं घरी आलं नाही, निदान त्याचे कपडे तरी परेडला निघाल्यासारखे घरी जावेत.

आणि त्या दोन दिवसांत गच्चीवर दुसऱ्या माणसाचे शर्ट वाऱ्यानं हलायचे. शकुंतलाबाई तुळशीला पाणी घालता घालता वर बघायच्या.

"बिराप्पा, पाहुणे आलेत वाटतं?"

"व्हय बाई. आलेत दोन दिवस."

हे खोटं बोलताना त्याला बरं वाटायचं. खोलीत कुणीतरी उतरलंय, आंघोळीला गेलंय, आता येईल आणि शर्ट मागेल, असं वाटायचं. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दिग्विजय नावाचा जवान गेला. सव्वीस वर्षांचा. वर बर्फाच्या मुलखात गाडी दरीत कोसळली. घर जतच्या पुढं, रस्त्यापासून आत, धनगरांच्या वस्तीवर. घरात आई धोंडुबाई आणि बायको माया. लग्नाला तीन वर्षं झालेली, त्यातले दोघांनी एकत्र काढलेले दिवस मोजायला गेलं तर पाच महिने भरणार नाहीत.

चौदाव्या दिवशी बिराप्पा साखर-चहा घेऊन गेला. धोंडुबाई दाराशी बसून होती. माया चुलीपुढं. अंगण लख्ख सारवलेलं. घरातल्या खुंट्या मोकळ्या. त्यांच्यात रीतच होती तशी: गेलेल्याचं कापड घरात ठेवायचं नाही. भावकीतल्या बायकांनी तिसऱ्या दिवशीच दिग्विजयचे सदरे, पायजमे, अंथरूण, घोंगडं सगळं उचलून नेलं होतं. काही वाटलं, काही ओढ्याला टाकलं. मायेला कुणी विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती.

बिराप्पानं कागद काढले, अंगठे-सह्या झाल्या. निघताना मायेनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मामा, त्येंची ट्रंक कवा येनार?"

"यील. महिना-दीड महिना लागतो."

"आली की लगी आना."

नंतर दर आठ दिवसांनी तिचा फोन. बाकी काही नाही, एवढंच: "ट्रंक आली का मामा?" बिराप्पाला वाटलं, आत काही कागद असतील, फोटो असतील, मोबाइल असेल. तरण्या पोरींना मोबाइलातले फोटो लागतात. त्यानं दर वेळी समजूत काढली, "काळजी करू नगं. नीटनेटकी आनतो." नीटनेटकी या शब्दावर त्याचा मोठा भरवसा.

संक्रांतीच्या सुमाराला ट्रंक आली. पांढऱ्या रंगानं झाकणावर नाव, नंबर. बिराप्पानं खोलीवर आणून कुलूप काढलं आणि त्याचं डोकंच फिरलं. बाकी सामान बरं भरलेलं, पण मधोमध एक प्लास्टिकची जाड पिशवी, तिला सुतळीनं आवळून दोन गाठी मारलेल्या, आणि आत मळका सदरा नि बनियन तसंच कोंबलेलं. "काय पोरं म्हणावी का जनावरं!" तो एकटाच ओरडला. "मेलेल्या मानसाचं धुणं असं बांधून धाडत्यात व्हय रं?" गाठी हातानं सुटेनात म्हणून त्यानं दातानं सोडवल्या आणि आतलं सगळ्यात आधी बादलीत टाकलं. त्या सदऱ्याला त्यानं इतरांपेक्षा जास्त खळ घातली. चुकीची भरपाई म्हणून.

तिसऱ्या दिवशी वडापच्या, माणसं भरभरून नेणाऱ्या जीपवर ट्रंक बांधून तो वस्तीवर पोचला तेव्हा माया वाटेवरच उभी होती. ट्रंक आत नेली. धोंडुबाई भिंतीला टेकून बसली. मायेनं झाकण उघडलं आणि क्षणभर बघतच राहिली. एकावर एक, कडक, करकरीत. बिराप्पा चहाची कपबशी धरून बसला होता आणि खरं सांगायचं तर त्याला थोडा अभिमान वाटत होता.

मायेनं वरचा सदरा उचलला, घडी मोडली आणि तोंड त्यात खुपसलं. बराच वेळ तशीच राहिली. मग तो बाजूला ठेवून दुसरा उचलला. मग बनियन. मग टॉवेल. जर्सी. कानटोपी. एकेक नाकाशी नेत होती आणि टाकत होती, आणि तिचा वेग वाढत होता. ट्रंकेचा तळ दिसला तेव्हा तिनं मोजे उचलले. तेही.

"साबन," ती म्हणाली. "समद्याला नुस्ता साबन येतोय आत्ती."

धोंडुबाईनं डोळे मिटले.

"कुनी धुतलं?" माया ट्रंकेकडं बघत म्हणाली. "म्या पलटनीत फोन करून सांगितलं हुतं, काय धुवू नगा म्हनून. हात जोडलं हुतं. तरी धुतलं. घरातलं समदं बायांनी न्हेलं, म्हनलं ऱ्हाऊ दे, तिकडचं तर यील. दोन महिनं ह्या वासावर काढलं म्या. ज्येनं कुनी धुतलं त्येच्या हाताला किडं पडूत."

मग ती बिराप्पाकडं वळली. "मामा, तिकडं पलटनीतच धुत्यात व्हय?"

बिराप्पाच्या हातात कपबशी होती. चहावर साय धरली होती. चोवीस वर्षं गोळ्यांच्या आवाजात उभा राहिलेला माणूस, पण त्या सायीवर फुंकर घालत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "तिकडंच धुत्यात."

परतीच्या एस्टीत त्याला लगमव्वा आठवली. आठवली म्हणजे काय, तीस वर्षं त्यानं तिला आठवू दिलं नव्हतं, ती आपणहून येऊन शेजारच्या सीटवर बसली. तो तेव्हा आसामात होता. तार मिळून, रजा मिळून, तीन गाड्या बदलून गावी पोचला तो पंधराव्या दिवशी. घर सारवून कोरं केलेलं. त्यानं वहिनीला विचारलं, "तिचं लुगडं?" वहिनी म्हणाली, "समदं वाटलं भावजी, तुमी नका मनाला लावून घेऊ." तो मान हलवून बाहेर पडला. मग गावात फिरत राहिला. एका बाईच्या अंगणात दोरीवर लगमव्वाचं हिरवं लुगडं वाळत होतं. त्यानं दारात उभं राहून पाणी मागितलं. तांब्याभर पाणी घोट घोट करत प्याला. आणि बाई आत वळली तेव्हा पटकन त्या लुगड्याच्या पदराशी गेला, नाक लावलं. ओल्या कापडाचा वास आला. नुसत्या ओल्या कापडाचा.

एवढं स्वतः भोगलेला माणूस, आणि त्यानंच हे करावं? त्याला स्वतःची चीड आली. वाटेत उतरून डोकं दगडावर आपटावं असं वाटलं. आणि त्याहून वाईट विचार पाठोपाठ आला: आजवर पोचवलेल्या त्या सगळ्या ट्रंका. किती बायांनी आपल्यादेखत घडी मोडली नसेल, आणि आपली पाठ वळल्यावर नाक खुपसलं असेल? किती जणींनी मामाला वाईट वाटू नये म्हणून वरून चहा पाजला असेल? आता कुणाला विचारणार?

चार दिवस तो कुठं गेला नाही. शकुंतलाबाईंनी खालून हाक मारली तर "बरं न्हाई" म्हणाला. पाचव्या दिवशी त्याला वाटलं, अजून काहीतरी मागं राहिलं असेल. एखादा मफलर, हातमोजा, दोस्ताकडं राहिलेली टोपी. पलटणीत अशी देवघेव असतेच. ट्रंकेबरोबर आलेल्या जवानाला त्यानं फोन लावला. तो म्हणाला, दिग्विजयचा जोडीदार सयाजी, दोघं एकाच तंबूत होते, ट्रंकही त्यानंच भरली. सध्या तो रजेवर घरी आहे, कराडला लागून मलकापुरात.

बिराप्पा सकाळच्या गाडीनं मलकापूरला गेला. सयाजीचं घर हमरस्त्यापासून जवळच, वरचा मजला अर्धा बांधलेला. पोरगा दणकट, पण डोळ्यांखाली काळं. संघटनेचा माणूस म्हटल्यावर त्यानं वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली.

"दिग्विजयचं काय ऱ्हायलंय का तुझ्याकडं? न धुतलेलं? काय बी चालंल."

"न्हाई मामा. समदं ट्रंकंत घातलं." सयाजी खाली बघत म्हणाला. "वैनींचा फोन आलता मला. लय रडत हुत्या. म्हनल्या, भावजी, एक तर कापड आसंच धाडा. मग काय, त्यानं शेवटी काढून ठेवलेला सदरा नि बनियन हुतं दोरीवर. म्या उचललं, लगी पिशवीत घातलं. वास उडू नये म्हनून सुतळीनं आवळून दोन गाठी मारल्या. बाकीचं वरच्या साहेबांनी धुवा म्हनलं आसतं तरी त्येला म्या कुनाला हात लावू दिला नसता." मग त्यानं वर बघितलं. "वैनींना मिळालं न्हवं त्ये?"

बिराप्पाच्या दातांना त्या सुतळीची चव आली.

"मिळालं," तो म्हणाला, आणि लगेच, "न्हाई. न्हाई मिळालं. म्या धुतलं त्ये."

सयाजी आपले तळहात बघत बसला. आतून त्याच्या आईनं जेवायला वाढू का म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. मग उठून बिराप्पाला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि तिथं एवढंच म्हणाला, "वैनी मलाच बोल लावत असतील मग."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे तर होतंच. पण आता तिसऱ्याच्याच माथी खापर फुटत होतं, आणि तेही ज्यानं एकट्यानं तिचं ऐकलं होतं त्याच्या. बिराप्पाला परत जायचंच होतं. नाही गेला तर वस्तीवरचं दार उघडं राहणार होतं; महिन्याला एक खेप, चहा, "या मामा" म्हणणारा एक आवाज. गेला तर ते सगळं जाणार. त्याच्याजवळ अशी दारं फार नव्हती. एक गेलं तर त्याला मोजता येईल इतकी थोडी होती.

तो दुसऱ्याच दिवशी गेला. या खेपेला साखर नेली नाही. साखर नेऊन सांगायची गोष्ट नव्हती ती.

दोघी घरातच होत्या. धोंडुबाई ज्वारी निवडत होती. माया पाणी घेऊन आली. त्यानं तांब्या हातात घेतला नाही. उभ्यानंच सांगितलं, परेडवर सांगावं तसं.

"पोरी, कापडं पलटनीत धुतली न्हाईत. म्या धुतली. माझ्या हातानं. सयाजीनं पिशवीत बांधून नीट धाडलं हुतं, म्या त्ये सोडून बादलीत टाकलं. गेल्या खेपेला खोटं बोललो. सयाजीला बोल लावू नगं. किडं पडायचं त्ये ह्या हाताला पडूत."

धोंडुबाईचं निवडणं थांबलं. मायेनं तांब्या हळूच जमिनीवर ठेवला.

"का धुतलं?" ती म्हणाली. ओरडली नाही.

बिराप्पानं कुंडलकडच्या आईची गोष्ट सांगितली. ती अपुरी वाटली म्हणून लगमव्वाच्या लुगड्याची सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्याला वाटलं, हे ऐकल्यावर तिला कळेल.

"मंग तुमाला तर ठावं हुतं," माया म्हणाली.

तो जायला वळला. उंबऱ्यात चपला घालायला वाकला तेव्हा मागून तिचा आवाज आला, "थांबा."

ती पुढं आली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"पिशवी सोडली तवा वास आला आसंल."

"आला."

"कसला?"

बिराप्पा उंबऱ्यातच खाली बसला. त्याला आधी वाटलं, ती त्याला टोचून विचारतेय. पण तिच्या तोंडाकडं बघितल्यावर कळलं की तसं नाही. त्या सदऱ्याचा वास घेतलेला शेवटचा माणूस या जगात तो होता. आणि ती तेच मागत होती.

"रॉकेलचा," तो म्हणाला. "वर तंबूत बुखारी आसती, रॉकेलची शेगडी. तिचा धूर कापडात बसतो."

"आनि?"

"घामाचा."

"घाम समद्यास्नीच येतो. त्येंचा सांगा."

त्यानं डोळे मिटले. गच्ची, नळ, अर्धी भरलेली बादली. दातात सुतळी. पिशवीचं तोंड उघडलं तो क्षण त्यानं धरून ठेवायचा प्रयत्न केला. "आंबूस हुता जरासा," तो सावकाश म्हणाला. "ताकावानी. उग्र न्हवता. आनि... कायतरी ग्वाड. भाजल्यासारखं. बडीशेप. खिशात दाणं हुतं चार. म्या गच्चीवर झटकलं."

मायेनं पदर तोंडात धरला.

"ओवा घालून भाजून द्यायची म्या," ती म्हणाली. "दर रजंला डबाभर. लय आवडायची."

"ल्हानपनापासनं," भिंतीकडून धोंडुबाई म्हणाली. ती सूप बाजूला सारून सरकत सरकत जवळ आली आणि सुनेच्या खांद्याला खांदा लावून बसली. दोन-अडीच महिन्यांत त्या दोघी इतक्या जवळ बसलेल्या बिराप्पानं बघितल्या नव्हत्या.

"परत सांगा," माया म्हणाली. "पिशवी सोडल्यापासनं सांगा."

त्यानं परत सांगितलं. गाठ, धूर, घाम, ताक, बडीशेप. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यानं सांगायच्या आधीच तिच्या ओठांवर पुढचा शब्द येत होता. बाहेर उन्हं कलली. शेवटी धोंडुबाईच म्हणाली, "आगं, त्यास्नी गाडी गाठायची हाय."

माया उठली. तिनं त्याला माफ केलं असं म्हणता येणार नाही. तिनं त्याच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. पण तो अंगणाच्या कडेला पोचला तेव्हा ती म्हणाली, "फुडच्या महिन्यात या. येऊन सांगा."

"येतो," बिराप्पा म्हणाला.

वडापच्या जीपमध्ये त्याला ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. मागं बाजारकरी बायांचा गलका चालू होता. त्यानं डोळे मिटून घेतले आणि पिशवीचं तोंड पुन्हा उघडून बघितलं. रॉकेल, घाम, ताक, बडीशेप. शब्द सगळे जागेवर होते, पण नाकाला काही येईना. सकाळपर्यंत होतं. तिला तीनदा सांगता सांगता ते बहुतेक सगळं तिच्याकडं गेलं, किंवा नुसतंच उडून गेलं. जतचा स्टँड येईपर्यंत त्याला कळून चुकलं की आता त्याच्याजवळ चार शब्दच उरलेत, आणि ते घेऊन दर महिन्याला त्या दोघींच्या समोर बसायचंय.